चौदा खेपा, सत्तर हजारांची बाकी: एका गाडीच्या मालकाचं प्रकरण

मी नांदेडमध्ये मोटारमालकांचे हिशेब आणि रिटर्नची कामं करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची एकच गाडी आहे आणि बहुतेकांचं भाडं कुठे ना कुठे अडकलेलं आहे. त्यातलं एक प्रकरण मालकांच्या परवानगीने सविस्तर मांडते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मालकांना मी भाऊ म्हणते, इथेही तसंच म्हणेन.

पार्श्वभूमी

भाऊंची दहा टायरची गाडी, भरल्यावर एकूण वजन २८ टन. २०२२ च्या अखेरीला जुनीच घेतली. महिन्याचा हप्ता ४१,५०० रुपये. गाडी स्वतः चालवतात, सोबत पुतण्या असतो. त्याआधी बारा वर्षं ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. रस्ते पाठ, गाडीचा आवाज बदलला की काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. पण त्या बारा वर्षांत भाडं ठरवायचे ते शेठ आणि वसूल करायचे तेही शेठच. गाडी मालकीची झाली तेव्हा भाऊंना चालवायचं शिकायची गरज नव्हती. ‘बोलायचं’ मात्र पहिल्यापासून शिकायचं होतं, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

जालन्यात सळईचे कारखाने आहेत, तिथून रोज गाड्या भरतात. पण एका गाडीच्या मालकाला कारखाना थेट भाडं देत नाही. कारखान्याचं काम मोठ्या ट्रान्सपोर्ट फर्मकडे असतं. फर्मला गाड्या कमी पडल्या की ती दलालाला सांगते आणि दलाल फोन फिरवतो. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) फर्मच्या नावाची, माल कारखान्याचा, फोन दलालाचा आणि गाडी आपली. एप्रिल २०२३ मध्ये भाऊंना असाच एका दलालाचा फोन आला. जालना ते हैदराबाद, अठरा टन सळई, टनाला १६०० रुपये. ९० टक्के ॲडव्हान्स आणि उरलेले, म्हणजे बॅलन्स, पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) दिल्यावर.

भाऊंना हा मार्ग सोयीचा होता. जालन्याहून परभणी, नांदेड, देगलूर करत संगारेड्डीवरून हैदराबाद, म्हणजे वाटेत घर. परतीला तांडूरची फरशी नाहीतर सिमेंट मिळायचं. पहिल्या चार खेपांचा बॅलन्स आठ-दहा दिवसांत खात्यावर आला. भाऊंनी इतर दलालांचे फोन घेणं हळूहळू कमी केलं. महिन्याला दोन-तीन भाडी पक्की मिळत असतील तर कोण रोज ट्रान्सपोर्ट नगरात जाऊन बसेल?

अडचण

एका खेपेचं भाडं २८,८०० रुपये. पहिल्या चार खेपांना ९० टक्के ॲडव्हान्स होता, तेव्हा बॅलन्स फक्त २,८८० राहायचा. जूनपासून ॲडव्हान्स ८० टक्क्यांवर आला आणि बॅलन्स ५,७६० झाला. अशा चार खेपा झाल्या, त्यातल्या दोनचे पैसे आले आणि दोनचे राहिले. ऑगस्टपासून ॲडव्हान्स ७० टक्के झाला, बॅलन्स ८,६४०. अशा सहा खेपा झाल्या आणि एकीचाही बॅलन्स आला नाही.

दलालाने कधीच नाही म्हटलं नाही, हे इथे सांगायला हवं. दर वेळी उत्तर एकच: “मालक, ही खेप मारा, मागचं सगळं एकदम सोडतो.” भाऊ खेप मारायचे, कारण मागचे पैसे पुढच्या खेपेला बांधलेले होते. फोन बंद करणाऱ्या माणसापासून माणूस सावध होतो. गोड बोलून फोन उचलणाऱ्याजवळ तो थांबून राहतो.

ऑगस्टमध्ये भाऊंनी मला विचारलं होतं, “ताई, सत्तर टक्क्यांवर गाडी लावू का?” मी म्हटलं, “थोडं कमी आहे, पण काम सलग आहे, लावा.” हा सल्ला चुकीचा होता. मी टक्के पाहिले आणि ते टक्के कशाचे आहेत ते पाहिलं नाही.

नंतर आम्ही दोघांनी एका खेपेचा खर्च कागदावर काढला. डिझेलचे बारा हजारांच्या आसपास, टोल, रस्त्यातला खर्च, पुतण्याची मजुरी, टायरची झीज आणि हप्त्यातला त्या दिवसांचा वाटा धरला. बेरीज वीस हजारांच्या घरात गेली. २८,८०० चे सत्तर टक्के होतात २०,१६०. म्हणजे ॲडव्हान्समधून निघत होता तो गाडीचा खर्च, आणि भाऊंची कमाई म्हणजे तो बॅलन्स. आमच्या धंद्यात बॅलन्सला सगळे ‘उरलेले’ म्हणतात, जणू ती चिल्लर आहे. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत भाऊ त्या दलालासाठी फुकट गाडी चालवत होते.

भाड्याचे ६३,३६० रुपये येणे झाले. त्यात हॉल्टिंगची, म्हणजे माल उतरेपर्यंत गाडी थांबून राहिल्याच्या पैशांची, भर पडली. हैदराबादला एकदा गाडी तीन दिवस खाली झाली नाही आणि एकदा दोन दिवस. दिवसाला १,५०० फोनवर ठरलेले, म्हणजे ७,५००. एकूण ७०,८६०.

देगलूरची रात्र आणि समोरचे पर्याय

६ नोव्हेंबर २०२३, रात्री साडेदहा. दिवाळी आठवड्यावर आलेली. भाऊंचा फोन आला: “ताई, गाडी देगलूरला उभी केलीय. माल भरलेला आहे. आता पुढे नेतच नाही. पैसे टाका, मगच गाडी हलेल असं सांगतो त्याला.”

ही चौदावी खेप होती. बॅलन्स दिवाळीआधी सोडतो या शब्दावर भरलेली. भरून निघाल्यावर दलालाने पुन्हा तारीख पुढे ढकलली होती. गाडीत दहा लाखांच्या आसपासची सळई होती. सात महिन्यांत पहिल्यांदा भाऊंच्या हातात काहीतरी होतं, असं त्यांना वाटत होतं. राग योग्यच होता. मी तो चुकीचा म्हटला नाही, आजही म्हणणार नाही.

पण तो माल दलालाचा नव्हता. तो कारखान्याचा होता, किंवा हैदराबादच्या खरेदीदाराचा. ज्याने आपलं काही देणं ठेवलेलं नाही त्याचा माल अडवला की आपण येणेकरी राहत नाही, आरोपी होतो. वाहतूकदाराने ताब्यात दिलेल्या मालाचा विश्वासघात करणं हा तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत कलम ४०७ खाली गुन्हा होता, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आजच्या न्याय संहितेतही ही तरतूद कलम ३१६ मध्ये आहे. आपला हेतू पैसे मिळवण्याचा होता हे शेवटी पटवून देता येईलही, पण तोवर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहील आणि हप्ता थांबणार नाही.

दुसरा धोका ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने या मार्गाला तीन दिवस मिळतात. मुदत संपलेल्या ई-वे बिलावर गाडी पकडली तर जीएसटीच्या कलम १२९ प्रमाणे कराच्या दुप्पट दंड लागू शकतो, आणि सळईवर कर १८ टक्के. दहा लाखांच्या मालावर तो साडेतीन लाखांच्या पुढे जातो. सत्तर हजारांसाठी.

हे सगळं फोनवर एका दमात सांगितलं नाही. आधी विचारलं, जेवलात का. मग विचारलं, बिल्टीवर कुणाचं नाव आहे. भाऊंनी केबिनमधला दिवा लावून बिल्टी वाचून दाखवली. पाठवणार कारखाना, घेणार हैदराबादचा व्यापारी, वाहतूकदार म्हणून फर्म. दलालाचं नाव कुठेच नव्हतं. खाली भाड्याच्या रकान्यात ‘टू बी बिल्ड’, म्हणजे बिल नंतर, एवढंच छापलेलं. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे कागदावर माझं भाडं कुणीच द्यायचं नाही?”

या प्रश्नाने पुढची दिशा ठरली. त्या रात्री आमच्यापुढे आणखी दोन वाटा होत्या. पैसे सोडून द्यायचे आणि दलालाचं तोंड पाहायचं नाही, किंवा त्याच्यासोबत चालू ठेवून थोडे थोडे पैसे काढत राहायचं. बरेच मालक शेवटी दुसरी वाट धरतात. त्यात बाकी कधी कमी होत नाही, कारण प्रत्येक खेपेला नवा बॅलन्स चढतो.

भाऊंनी सकाळी गाडी हलवली, माल उतरवला आणि सांगितल्याप्रमाणे पोच हातात ठेवून तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. त्यानंतर त्या दलालाचं भाडं उचललं नाही. हा निर्णय सोपा नव्हता. डिसेंबरचा हप्ता त्यामुळे चुकला.

काय केलं

आधी कागद गोळा केले. भाऊ म्हणाले, माझ्याकडे काहीच नाही. त्यांच्याकडे बरंच होतं, फक्त ते कागदासारखं दिसत नव्हतं. व्हॉट्सॲपवर दलालाने टाकलेले गाडी नंबर, टन आणि भावाचे मेसेज. फोनमध्ये ई-वे बिलांच्या प्रती, ज्यांत गाडीचा नंबर, माल पाठवणारा, घेणारा आणि ट्रान्सपोर्टरचा क्रमांक असतो. बिल्टीच्या गुलाबी प्रती सीटखालच्या पिशवीत, दोन डिझेलने इतक्या भिजलेल्या की उजेडासमोर धरूनच वाचता आल्या. फास्टॅगचा उतारा, ज्यात कोणत्या टोलवरून गाडी किती वाजता गेली ते येतं. बँकेचा उतारा, ज्यात ॲडव्हान्सची प्रत्येक रक्कम दलालाच्या खात्यातून आलेली. हा शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा ठरला. बिल्टीवर दलाल नसला तरी चौदा वेळा पैसे त्यानेच पाठवले होते. आपला व्यवहार कुणाशी झाला याचं उत्तर तिथे होतं.

मग २० नोव्हेंबरला एका पानाचा खातेउतारा केला. खेपेची तारीख, टन, भाडं, आलेली रक्कम, राहिलेली रक्कम, शेवटी ७०,८६०. त्याचा फोटो दलालाला पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘काही फरक असल्यास कळवावे.’ धमकी नाही, राग नाही.

दोन दिवसांनी दलालाचा उलट हिशेब आला. एका खेपेत १२० किलो सळई कमी भरली म्हणून ६,९६० वजा. टीडीएस (भाडं देतानाच कापलेला आयकर) ४,०३२ वजा. ऑफिस खर्च खेपेला ३०० प्रमाणे ४,२०० वजा. हॉल्टिंग नामंजूर. ‘४८,१६८ निघतात, महिनाअखेर देतो.’

भाऊ संतापले, बावीस हजार एका मेसेजमध्ये गेले म्हणून. मला मात्र तो मेसेज वाचून हायसं वाटलं. सात महिने सगळं तोंडी होतं. आता त्याने लेखी कबूल केलं होतं की निदान ४८,१६८ देणं आहे. येण्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. भांडण आता ‘पैसे आहेत की नाहीत’ यावर नव्हतं, ‘किती आहेत’ यावर आलं होतं.

टीडीएसचा मुद्दा सगळ्यात आधी निकालात निघाला. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या मालकाने पॅन आणि तसं घोषणापत्र दिलं तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४-सी प्रमाणे भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. भाऊंनी पॅनची झेरॉक्स दिली होती, घोषणापत्र दिलं नव्हतं, ती आमची कसर. पण कापला म्हणता तर भरलाय कुठे? भाऊंच्या २६-एएस मध्ये, म्हणजे कापलेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, एक रुपया दिसत नव्हता. मी स्क्रीनशॉट पाठवला. टीडीएसचा विषय पुन्हा निघाला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी दलालाने भाऊंना जालन्याला बोलावलं आणि १० जानेवारी २०२४ तारखेचा ४०,००० चा चेक पुढे केला. सोबत व्हाउचर: ‘हिशेब पूर्ण, काही येणे नाही.’ सही कुठे करायची तिथे पेनाने फुली मारून ठेवलेली. भाऊ बाहेर येऊन मला फोन करत होते. सही केली नाही तर चेक मिळणार नाही अशी त्यांना भीती होती.

इथे आम्ही थोडी जोखीम घेतली. चेक घ्या, पण व्हाउचरवरची ती ओळ खोडा आणि स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘४०,००० चा चेक मिळाला, उरलेला हिशेब बाकी आहे.’ त्याखाली सही आणि तारीख. दलालाच्या मुनिमाने कुरकुर केली, पण घेतलं. मला वाटतं त्यांनाही त्या क्षणी भाऊ ऑफिसातून लवकर जायला हवे होते, कारण बाहेर दुसऱ्या दोन गाड्यांचे मालक बसलेले होते.

चेकचा एक गुण असा की तो परत आला तरी हातात काहीतरी देऊन जातो. १२ जानेवारीला तो पुरेशी रक्कम नाही या शेऱ्याने परत आला. परक्राम्य लेख अधिनियमाचं कलम १३८ इथे लागू होतं, आणि त्याच्या तारखा पाळाव्याच लागतात. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवस देणेकऱ्याला, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. ‘आजच देतो, उद्या देतो’ यात ते तीस दिवस निघून गेल्याची उदाहरणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आम्ही वकिलांकडून २५ जानेवारीला नोटीस पाठवली, खर्च २,५००. ती २९ ला पोहोचली. १२ फेब्रुवारीला, म्हणजे मुदतीच्या चौदाव्या दिवशी, ४०,००० खात्यावर आले.

जे हत्यार चाललं नाही

एक वाट आम्ही अर्ध्यातून सोडली. मालवाहतूक ही सेवा आहे, त्यामुळे एका गाडीचा मालकही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करू शकतो, आणि ती फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज. त्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के. त्या वेळी समाधान पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे दावा करता यायचा, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर याहून चांगला आधार छोट्या मालकाला नाही.

पण भाऊंची नोंदणी झाली होती १४ सप्टेंबर २०२३ ला, तीही टायरसाठी कर्ज काढायचं म्हणून. सिल्पी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं की काम झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहारांना उपयोगी पडत नाही. शेवटच्या चार खेपा नोंदणीनंतरच्या, त्यांचा बॅलन्स ३४,५६०. बाकीच्यांवर वाद झाला असता आणि महिने गेले असते. चेकची नोटीस हातात असताना आम्ही दोन आघाड्या उघडल्या नाहीत. एप्रिलमध्ये गाडी पहिल्यांदा लावली त्याआधी, घरबसल्या अर्ध्या तासात, ती नोंदणी झाली असती तर या प्रकरणाचं तोंडच वेगळं असतं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते, कारण ते काम माझं होतं.

फर्मच्या टेबलावर

उरलेल्या रकमेसाठी आम्ही ज्याचं नाव बिल्टीवर होतं त्या फर्मकडे गेलो. डिसेंबरात एकदा जाऊन आलो होतो, तेव्हा व्यवस्थापकाने सरळ सांगितलं होतं की दलालाला आमच्याकडून पूर्ण पैसे गेले आहेत. ते खरं असावं. कायद्याने फर्मला भाऊंचे पैसे द्यायला भाग पाडता आलं असतं की नाही, हे न्यायालयात गेल्याशिवाय कळलं नसतं. पण फर्मला गाड्या लागतात, आणि आपल्या बिल्टीवर चाललेल्या गाडीचे पैसे बुडाले अशी चर्चा ट्रान्सपोर्ट नगरात होऊ नये असं तिला वाटतं. आम्ही दबाव टाकला नाही. चौदा बिल्ट्या, चौदा पोचा आणि खातेउतारा टेबलावर ठेवला. मार्चमध्ये व्यवस्थापकाने दलालाला समोर बसवलं.

कमी भरलेल्या १२० किलोंवर बराच वेळ गेला. दलालाने ती पोच दाखवली. तिच्यावर पेनाने एक ओळ लिहिलेली आणि खाली भाऊंची सही. ओळ तेलुगूत होती. भाऊंना ती माल मिळाल्याची नोंद वाटली होती. तिचा अर्थ होता, ‘१२० किलो कमी’. भाऊंचं म्हणणं असं की वजनकाटा दोन्हीकडचा वेगळा आणि रिकाम्या गाडीचं वजन हैदराबादला केलंच नव्हतं. मी विचारलं, व्यापाऱ्याने कारखान्याकडून हे पैसे कापले त्याचा काही कागद आहे का? नव्हता. पण सही होती. शेवटी अर्धे अर्धे, भाऊंच्या वाट्याला ३,४८० आले.

हॉल्टिंगमध्ये तीन दिवसांच्या वेळचा गेटवरच्या नोंदवहीचा फोटो पुतण्याने काढून ठेवला होता, आत येण्याची वेळ आणि तारीख दिसेल असा. त्याचे ४,५०० मिळाले. दुसऱ्या वेळी फोटो नव्हता, दोन दिवसांचे ३,००० गेले. ऑफिस खर्चाचे ४,२०० भाऊंनी सोडले. ठरलेले नव्हते, तरीही.

निष्पत्ती

६०,१८० वर हिशेब ठरला. चेकचे ४०,००० आले होते. उरलेले २०,१८० फर्मने दलालाच्या चालू बिलातून वळते करून मार्चअखेर थेट भाऊंच्या खात्यावर टाकले. ७०,८६० पैकी १०,६८० गेले. शिवाय नोटिशीचा खर्च, जालन्याच्या तीन फेऱ्या आणि एक चुकलेला हप्ता.

नोव्हेंबर ते मार्च भाऊंच्या महिन्याच्या खेपा सातवरून पाचवर आल्या होत्या. जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत नव्या कायद्यातल्या अपघाताच्या तरतुदीविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी चाकं थांबवली, त्यात एक भाडं गेलं. त्या काळात त्यांनी तांडूर आणि शहाबादहून लातूर-नांदेडला फरशी आणली. हे भाडं टू-पे, माल उतरताच घेणारा रोख देतो. दर कमी, उतरवायला वेळ जास्त, आणि फरशी फुटली की कटकट. पण गाडी खाली झाली की हिशेब संपतो. भाऊ म्हणाले, “पहिल्यांदा कळलं, महिन्यात नेमके किती कमावतो ते.”

पुन्हा करायचं तर

ॲडव्हान्सचा टक्का घटला की थांबा असं मी आता सांगत नाही. कधीकधी चांगल्या फर्मलाही अडचण असते. मी विचारते, एकूण अडकले किती. भाऊंनी आता स्वतःसाठी आकडा ठरवला आहे: एका माणसाकडे दोन खेपांच्या बॅलन्सपेक्षा जास्त नाही. तिसरी खेप कितीही चांगली असो. हा आकडा आम्ही ऑगस्टमध्ये ठरवला असता तर थकबाकी वीस हजारांच्या आत राहिली असती.

दुसरं, गाडी भरायच्या आधी भाडं देणाऱ्याचं नाव लेखी घ्यायला हवं होतं. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यात ‘कॉमन कॅरियर’च्या व्याख्येत दलालही येतो आणि त्याने नोंदणी करायची असते. पण तो कागद मागून गाडी मिळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आम्ही एक मेसेज तयार केला. भाव फोनवर ठरला की गाडी काट्यावर जाण्याआधी भाऊ तो पाठवतात आणि समोरून ‘ओके’ येईपर्यंत थांबतात. त्यात मार्ग, टन, भाव, ॲडव्हान्स, बॅलन्स पोच दिल्यापासून किती दिवसांत, हॉल्टिंग कितव्या दिवसापासून आणि किती, आणि ‘हे भाडं तुमच्याकडून येणे’ एवढी एक ओळ. ही ओळ वाचून काही जण फोन करतात, “अहो, एवढं कशाला लिहिताय?” असे दोन फोन आले तेव्हा भाऊंनी गाडी लावली नाही.

पोचेवर दुसऱ्या भाषेत काही लिहिलं असेल तर सही करण्याआधी तिथल्याच हमालाकडून वाचून घेणं, ही सवय पुतण्याला लागली आहे. त्याने फोनमध्ये तेलुगू आणि कन्नड भाषांतरही घातलंय. उद्यम नोंदणी आणि टीडीएसचं घोषणापत्र मी आता नव्या गाडीच्या कागदांसोबतच करून देते. वेगळं विचारत नाही.

देगलूरच्या त्या रात्रीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. माल अडवला नाही हे बरोबरच झालं. पण गाडी भरलेली असताना, तिथूनच, फर्मच्या व्यवस्थापकाला फोन लावायला हवा होता असं आता वाटतं. त्याचं नाव बिल्टीवर होतं, नंबरही होता. माल न अडवता, नुसतं कळवता आलं असतं की तुमच्या बिल्टीवरच्या गाडीचा सात खेपांचा बॅलन्स थकलाय. आम्हाला ते सुचलं डिसेंबरात.

फर्म आता भाऊंना अधूनमधून थेट भाडं देते, ९० टक्के ॲडव्हान्सवर. त्या दलालाचा मागच्या महिन्यात फोन आला होता, हैदराबादसाठीच. भाऊंनी मेसेज पाठवला. त्यात ॲडव्हान्सच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, ‘पूर्ण भाडं भरणीला’. ‘ओके’ यायला तासभर लागला. पैसे आल्यावरच गाडी काट्यावर गेली.